सगळ्यांची ताई

(मुलींच्या वसतिगृहातली कपड्यांची खोली. दुपारचे तीन वाजून गेलेत. वसतिगृह सांभाळणाऱ्या ताई आणि त्यांची लेक धुतलेल्या चादरींच्या घड्या घालताहेत.)

लेक : ...आणि मी हो म्हटलं, तर माझी पोर माझ्या खोलीत झोपणार आणि मला आईच म्हणणार. ही एकच अट आहे माझी, ताई.

ताई : टोक नीट धर. तुझ्याकडची बाजू लोंबतेय.

लेक : धरलंय. मी काय म्हणतेय?

ताई : ऐकतेय की. घड्या हात घालतात, कान मोकळेच असतात. आता ये माझ्याकडे. टोकाला टोक. हं. खाटेचा नंबर वर आला पाहिजे. नाहीतर सतराची चादर जाते एकोणिसाला, आणि मग संध्याकाळी नुसता गोंधळ.

लेक : चार वाजता सभा आहे. संस्थेचे मोठे सर म्हणाले, इथल्या शाळेत विज्ञान शिकवायला येणार की नाही ते आजच सगळ्यांसमोर सांग. साडेपाचच्या बसची दोन तिकिटं पर्समध्ये आहेत माझ्या.

ताई : परतीची तिकिटं काढूनच आलीस?

लेक : तुला ओळखते म्हणून.

ताई : अगं, इथे राहणाऱ्या प्रत्येकाचं मूल बाकीच्या मुलांबरोबरच झोपतं. इथे कोणी कोणाची आई नाही, कोणी कोणाचे बाबा नाहीत. सगळे ताई आणि दादा. तुला हे मी नव्याने सांगायचं? तू त्यातच वाढलीस.

लेक : वाढले म्हणूनच अट घालतेय. सहा वर्षांची होते मी, आज माझी चिंगी आहे तेवढी. एका सकाळी तू सांगितलंस, आजपासून मोठ्या खोलीत झोपायचं, मला ताई म्हणायचं आणि बाबांना दादा. मला वाटलं, माझ्या हातून काहीतरी झालंय. पाण्याचा माठ फोडला होता मी आदल्या दिवशी. कितीतरी महिने वाटायचं, माठाची शिक्षा आहे ही.

ताई : माठाची? मला तर तो माठ आठवतही नाही.

लेक : मला आठवतो. आणि दादा दवाखान्यात होते, अगदी शेवटी, तेव्हाही मी त्यांना दादाच म्हणत होते. नर्सला वाटलं माझे भाऊ आहेत. मला बाजूला घेऊन विचारते, तुमच्या दोघांत इतकं अंतर कसं?

ताई : मलाही म्हणाली होती ती. तेव्हा हसले मी तिच्यासमोर. मग जिन्यात जाऊन रडले.

लेक : मोठ्या सरांना कधी वाटलंच नाही का गं, की हे जरा अतीच होतंय? त्यांची मुलं शहरात शिकली. नियम करायला त्यांचं काय जातंय!

ताई : त्यांना बोल लावू नकोस.

लेक : का नको?

ताई : नियम त्यांचा नाही. माझा आहे.

लेक : म्हणजे?

ताई : सभेत मी मांडला. सर नको म्हणत होते. तुझे बाबा तर आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, नुसते रंधा मारत बसायचे सुतारशाळेत. चादर सोडू नकोस, जमिनीला लागेल.

लेक : लागू दे! तू मांडलास? स्वतःहून?

ताई : स्वतःहून. आपण इथे आलो त्या वर्षी एक मुलगी होती, तुझ्याहून एका वर्षाने मोठी. तिला कोणी म्हणजे कोणीच नव्हतं. सकाळी पायरीवर बसून मी तुझी वेणी घालायची, तर ही समोर उभी. मी म्हटलं, ये, तुझीही घालते. बसली गुपचूप. वेणी झाल्यावर म्हणाली, हिची घालताना तुम्ही गुणगुणता, माझी घालताना नाही गुणगुणलात.

लेक : एवढं कळलं तिला?

ताई : दोन दिवस जेवली नाही ती पोर. माझ्याही घशाखाली घास उतरेना. मग केला नियम. म्हटलं, गुणगुणायचं तर सगळ्यांची वेणी घालताना, नाहीतर कोणाचीच नाही.

लेक : मग? खुलली का ती पुढे?

ताई : खुलली ना. आता दोन मुलं आहेत तिला. दर वर्षी पत्र येतं. वर लिहिते, प्रिय आई.

लेक : वा! म्हणजे ती लिहिते आई. आणि मी ताई.

ताई : हो गं. मी काय आंधळी आहे? दिसतं मला.

लेक : मला एकदा तरी विचारायचंस.

ताई : सहा वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, असं वाटलं तेव्हा. पण तुला काय वाटतं, मला सोपं गेलं? रात्रीच्या फेरीला बेचाळीस मुलींची पांघरुणं सारखी करायचे मी, एकीचं करता यावं म्हणून. तुझी खाट अकरावी. पहिल्या दहांवर घाई करायची नाही, असं रोज स्वतःला बजावायला लागायचं.

लेक : माहीत आहे मला.

ताई : कसं माहीत? गाढ झोपलेली असायचीस.

लेक : सोंग होतं ते. तुझ्या चपलांचा आवाज आला की मी पांघरूण लाथाडायचे. मुद्दाम. म्हणजे तुला थांबावं लागेल.

ताई : अगं बाई!

लेक : मग बाराव्या खाटेवरच्या मुलीला कळलं. तीही लाथाडायला लागली. मग तेरावी. मग सगळी ओळच.

ताई : थांब, थांब. म्हणून त्या थंडीत अख्खी ओळ उघडी दिसायची? मला वाटलं, पोरींना उकडतंय! सभेत भांडून भांडून जाड रजया परत पाठवल्या मी आणि पातळ पांघरुणं आणवली!

लेक : आणि आम्ही सगळ्या काकडलो. महिनाभर नाकं गळत होती. पण लाथाडायचं एकीनेही सोडलं नाही.

ताई : आणि मी खोकल्याची बाटली घेऊन मागे मागे! देवा रे. एवढी वर्षं पोटात ठेवलंत होय हे? हसू नकोस, माझी घडी विस्कटली.

लेक : मी कुठे हसतेय? तूच हसतेयस. डोळे पूस आधी.

घंटावाली : ताई, आत येऊ? पहिली घंटा देऊ का? चाराला पंधरा मिनिटं आहेत.

ताई : ये गं. ही बघ, या आठवड्यात घंटा हिच्याकडे आहे. तेरा वर्षांची आहे, पण घड्याळापेक्षा हिचाच धाक जास्त.

घंटावाली : आणि एक चादर हवी होती. बिननंबरची चालेल.

ताई : कोणाला?

घंटावाली : चिंगीला. तिने आमच्या खोलीतली खिडकीजवळची खाट धरलीय. म्हणते, मी इथेच झोपणार. सामानही आणून ठेवलंय, पाण्याची बाटली आणि एक चप्पल.

लेक : एकच?

घंटावाली : दुसरी सापडत नाहीये. शोधतोय आम्ही.

लेक : पण तिला तिथे झोपायला सांगितलं कोणी?

घंटावाली : कोणीच नाही. आम्ही उलट म्हटलं, आधी विचारून ये. तर म्हणाली, आईला मी समजावेन.

लेक : ऐकलंत ना, ताई? मला समजावणार आहे ती!

ताई : ही आत आली तर लगेच 'तुम्ही' झाले मी?

लेक : सवय. जात नाही.

घंटावाली : ताई, एक विचारू? चिंगीने आई म्हटलेलं चालतं का? ती सारखी म्हणतेय. माझी आई लिंबावर दिवा लावून दाखवते, माझी आई पोळ्या जाळते, माझी आई अशी घोरते. आम्ही काही बोललो नाही. पाहुणी आहे म्हणून.

लेक : मी घोरत नाही.

ताई : तुला वाईट वाटलं का गं ऐकून?

घंटावाली : मला? पहिल्यांदा वाटलं थोडं. मग मजा यायला लागली. मला माझं काही आठवत नाही ना, मग दुसऱ्या कोणी सांगितलं की ऐकावंसं वाटतं. पण नियम आहे म्हणून इथे कोणी सांगतच नाही.

ताई : कोणीच नाही सांगत?

घंटावाली : सुट्टीत घरी जाऊन येतात त्यासुद्धा नाही. मी खोलीत आले की विषय बदलतात.

ताई : ही घे चादर. मऊ आहे. आणि घंटा दे जा.

घंटावाली : पहिलीच ना?

ताई : पहिलीच. सावकाश दे.

लेक : ...गेली ती. खाली बस जरा, ताई. पांढरी पडलीयस.

ताई : मला वाटत होतं, या पोरींना जपतेय मी. तोंडं बंद करून ठेवली नुसती. सगळ्यांची.

लेक : तसं नको म्हणूस. त्या एका मुलीला तू जेवायला लावलंस.

ताई : तिला लावलं आणि माझ्या पोरीला विचारलं नाही. चुकलं माझं, बाळा. हे कधीतरी तुझ्यासमोर म्हणायला हवं होतं. राहून गेलं.

लेक : आणि मी इतका राग धरून आले, अट घेऊन आले, तर माझी पोर एक चप्पल घेऊन मोकळी.

ताई : तिने खाट स्वतः धरली. उद्या भीती वाटली तर उठून तुझ्याकडे येईल. तुला यायला जागाच ठेवली नव्हती मी. इथून पुढे ज्याला आई आहे त्याने आई म्हणावं. ज्याला नाही त्याने माझ्याकडे यावं. मी आहेच.

लेक : पण एक सांगते. मला आता तुला आई म्हणता येणार नाही. घरी एकटीने म्हणून बघितलं. जीभ वळत नाही.

ताई : नको म्हणूस. ताईच म्हण. माझे कान त्यालाच सरावलेत. पण तुझ्या पोरीचं आई म्हणणं तोडू नकोस, एवढं बघ.

लेक : मग नियम मोडायचा म्हणून सभेत कोण उठणार?

ताई : केला कोणी? मीच उठणार. हात दे, गुडघा आखडलाय.

लेक : हळू. आणि माझ्या नोकरीचं? सर विचारतील, ही इथे कोणाला हवी आहे. कोणाला तरी उभं राहून सांगावं लागतं.

ताई : मी सांगेन.

लेक : तू? आपल्या माणसासाठी सभेत बोलायचं नाही, हे तुझंच म्हणणं ना?

ताई : होतं. आज बोलणार.

लेक : काय बोलणार?

ताई : म्हणणार, ही मला हवी आहे.

लेक : विज्ञान शिकवायला?

ताई : नाही गं.