लेबलावरचा डाग

काय रे, आंब्याच्या पेट्या भरायला बसलायस खरा, पण विश्वास ठेवायचा तर कुणावर ठेवशील, पेंटरवर की बागवालीवर? पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. लांज्याचा बागायतदारांचा गट पिकवायची पावडर न मारता, पेंढ्याच्या अढीत पिकवलेला हापूस पहिल्यांदाच मुंबईला पाठवणार होता. दलालाने माल नाकारला असता तर गटच मोडला असता. पेटीचं लेबल करायचं काम माझ्याकडे. आमच्या पेंटरने पिवळाधमक आंबा काढला. तो बघून गटाच्या सुमतीकाकू उखडल्याच, "मेल्यांनो, हा तर पावडरीचा! आमचा आंबा देठाशी हिरवट असतो, अंगावर डाग असतो."

मी म्हटलं, "काकू, डाग बघून घेणार कोण?"

"आणि खोटं चित्र बघून दुसऱ्यांदा कोण घेणार?"

घातला डाग, आणि पेट्या मुंबईला रवाना! चौथ्या दिवशी गटाच्या कचेरीत दलालाचा ट्रंककॉल, "शेठ, चित्रातलाच आंबा आत निघाला हो! असे डागवाले असतील तेवढे पाठवा!"

तेव्हा बाबा, तूही पेटीवर चार डझन लिहिलेस, तर आत मोजून चार डझनच भर, आणि हिशोबाच्या वहीतही तेवढेच मांड.