मॅडमना फोन द्या

"बाई कोण ते बघू नको गो. मत आपल्या पक्षाला."

महाड स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर कापडे गावचा गणू बायकोशी भांडत होता. झेडपीची जागा महिला राखीव.

बायको म्हणाली, "आपल्या पक्षाच्या बाईंना मी फोन केला, तर नवऱ्याने उचललान. म्हणतो, मॅडमचं सगळं मीच बघतो."

"कामात असतील."

"समोरच्या पक्षाच्या बाईने स्वतः उचललान. भाकऱ्या थापतेय म्हणाली, दहा मिनिटांनी करते. आणि केलान. अंगणवाडीचे पत्रे उडालेत, ते लिहून घेतलंन."

"तिचा पक्ष पटतो तुला?"

"नाय पटत. बाईच्या हक्काचं आपलेच बोलतात. म्हणून तर आठ दिवस डोक्याला ताप हाय."

तेवढ्यात फोन वाजला. गणूने बायकोच्या पिशवीतून काढून कानाला लावला.

"बोला, पक्षाचं ऑफिस ना? आमची दोन मतं पक्की धरा."

"अहो, हातातला फोन कुणाचा हाय?"

"तुझा."

"मग माझं मत तुम्ही कसं दिलंत?"

 गणू हसला.

"साहेब, एकच धरा, माझं. दुसरं जिचं हाय तिलाच विचारा. घे गो उज्वला."

"नमस्कार. मॅडमना फोन द्या. स्वतः बोलल्या, तर माझं मत त्यांनाच. थांबते मी."

ती फोन कानाला धरून अजून थांबलीय. माझी पोलादपूर गाडी लागलीय, मला निघायला पाहिजे.