रिकाम्या सेलमधून आलेला करंट

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आपल्या संस्थेच्या संचालक मॅडम. आमच्या बॅटरी प्रकल्पाला पाठबळ देणाऱ्या कंपनीचे प्रतिनिधी, आजचे प्रमुख पाहुणे. व्यासपीठावरचे आमचे प्रयोगशाळाप्रमुख सर. पहिल्या रांगेत पुष्पगुच्छ मांडीवर धरून अवघडून बसलेल्या, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत त्या ताई. आणि चहा गार होण्याआधी भाषणं संपावीत अशी रास्त अपेक्षा असलेले माझे सहकारी, आपणा सर्वांना नमस्कार.

सर मला म्हणाले, "तू तिच्या शेजारच्या टेबलावर असायचीस. दोन शब्द गोड बोल." गोड मला फारसं जमत नाही. दोन शब्द मात्र नक्की होतील, थोडे जास्तच.

पाहुण्यांसोबत आलेल्या मंडळींसाठी सांगते. आम्ही पुन्हा पुन्हा चार्ज होणारी मॅग्नेशियमची बॅटरी करतो. मॅग्नेशियम मुबलक आहे, पण स्वभावाने हट्टी. एखाद्या पदार्थात शिरलं की सहजी बाहेर येत नाही. त्याला ये-जा करता यावी म्हणून ताईंनी बिस्मथ धातूच्या नळ्या केल्या, केसाहून हजार पट बारीक. हाच आमचा अ‍ॅनोड, म्हणजे बॅटरीचं ऋण टोक. या इमारतीत त्या नळ्या पहिल्यांदा कोणी केल्या? ताईंनी. निमंत्रणपत्रिकेत तो उल्लेख राहून गेला आहे. जागेअभावी असेल.

या नळ्यांची चाचणी आमच्याकडे बटणाएवढ्या स्टीलच्या सेलमध्ये होते. ताईंनी त्याच नळ्या, तेच द्रावण काचेच्या भांड्यात लावून पाहिलं. स्टीलमध्ये बाहेर येणाऱ्या चार्जचा आकडा भरघोस, काचेत बेताचा. मग चुकलं कोण? अर्थात ताई.

"तुझ्या हाताला यश नाही गं," सर म्हणायचे.

"सर, हा सेल आहे. स्वयंपाक नाही, हाताला चव असायला." ताई सांगायच्या.

ताईंचं म्हणणं साधं होतं. स्टीलच्या सेलमध्ये नळ्यांच्या आत जेवढा चार्ज घातला, त्याहून जास्त बाहेर येत होता. "अगं, तांब्याभर पाणी ओतलं आणि बादलीभर निघालं," त्या मला म्हणाल्या, "आणि हे लोक टाळ्या वाजवतायत!"

सर म्हणाले, "नॅनो आहे. नॅनोमध्ये असं होतं."

नॅनो म्हटलं की आमच्याकडे पुष्कळ गोष्टी माफ असतात.

पूर्वी प्रत्येक चाचणीबरोबर एक कोरा सेल लावायची पद्धत होती. म्हणजे बाकी सगळं तेच, फक्त अ‍ॅनोडचा पदार्थ घालायचा नाही. चाचणीयंत्रावर जागा अडते म्हणून ती बंद झाली. ती पुन्हा सुरू करा असं ताईंनी बैठकीत सांगितलं, आणि त्यानंतर यंत्रावर त्यांनाच जागा मिळेनाशी झाली. मग करार संपला आणि मुदतवाढ नाकारली गेली. कारण काय? त्यांना सरांचे आकडे पुन्हा मिळवून दाखवता आले नाहीत.

परवा मी माझ्या वाट्याच्या जागेवर कोरा सेल लावला. आत एकही नळी नव्हती, तरी करंट आला. रिकामा सेल काही नॅनो नसतो. उघडून पाहिला, तर स्टीलला आतून खड्डे पडले होते. आमच्या द्रावणात क्लोराइड आहे. तो चार्ज बाहेर काढताना व्होल्टेज फार वर नेलं की ते स्टील खातं, आणि आकडा वाढावा म्हणून आम्ही व्होल्टेज वरच नेत होतो. जास्तीचा आकडा नळ्यांचा नव्हताच, झिजणाऱ्या डब्याचा होता. काच झिजत नाही. ताईंचा बेताचा आकडा खरा होता.

तो सेल मी सरांकडे नेला. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "ती जातेच आहे ना? मग आता कशाला?"

आता कशाला? प्रश्न चांगला आहे. मीही त्यावर विचार केला.

ताई, मघाशी दारात तुम्ही माझा हात दाबून म्हणालात, "गप्प राहा बाई, तुझं अजून सगळं व्हायचंय." तुमच्या काळजीचा मान ठेवून सांगते. पत्रिकेत छापलंय, तुम्ही वैयक्तिक कारणाने जात आहात. तुम्हाला वैयक्तिक कारण नाही. तुम्हाला काढलंय. उद्या नव्या ठिकाणी विचारतील, तिथून का सुटलात? खात्री करायला ते इथे फोन करतील, आणि इथून उत्तर जाईल, हाताला यश नव्हतं. ते उत्तर देणारे आणि ऐकून गप्प बसणारे आज सगळे एका सभागृहात आहेत. असा योग पुन्हा येणार नाही. म्हणून आता.

पुढच्या आठवड्यापासून ताईंची नोकरीतली जागा मला दिली आहे. ती मी घेणार नाही. संचालक मॅडमना हे रीतसर कळवायचं राहिलं होतं, ते इथेच कळवते.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्यांनी ऐकून घेतलं, सरांनी मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल सर्वांची ऋणी आहे. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल, तर वयाने लहान समजून पोटात घालावं. आकड्यात चूक असेल तर मात्र माफ करू नये. मोजून दाखवावी.