सागाच्या पानाच्या लाद्या

नाही मॅडम, त्या भिंतीकडच्या घ्या ना — त्या मी ओतल्यात, पण आहेत तशाच — सागाचं पान, हिरवट रंग, तुमच्या बागेत गवतातून चालायला एकदम मस्त. या सावलीतल्या राहू द्या. हो, ऑर्डर तुमचीच, मी कुठे नाही म्हणतोय? सुदामदादाने ओतल्यात, तुमच्याच बंगल्यासाठी. माझा मोठा भाऊ. नाही, घरात नाही. गेला. गेल्या महिन्यात — इथेच, विवळवेढ्याच्या पुढे, हायवेवर, ट्रकने. सकाळी या लाद्या ओतल्या, ओल्या सिमेंटवर पानं दाबली, हात धुतले, म्हणाला, रंग संपलाय, वाणगावला जाऊन येतो, मी आल्याशिवाय पानांना हात लावू नको, तुझ्या हातात पान फाटतं. मग मीच काढली पानं, दुसऱ्या दिवशी. एकही फाटलं नाही — बघा ना, शीर न् शीर उमटलीय. बघायला तो नव्हता.

बसा. खुर्ची डगमगते, भिंतीला टेकवा.

सिमेंटचं कसं असतं, ओतलं की काम संपत नाही. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, ओलं गोणपाट टाकून ठेवायचं, नाहीतर तडकतं. आणि घरात सुतक. दिवसकार्य होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही. मग? सिमेंटला काय सांगू, थांब बाबा, आमचा माणूस गेलाय? स्मशानातून आलो आणि सरळ बादली उचलली. जमनाकाकी सगळ्यांसमोर म्हणाली, भाऊ तिकडे जळतोय आणि हा इकडे दगडांना पाणी पाजतोय. मी पण बोललो — मला राहवत नाही, माझं तोंडच असं — म्हटलं, दादाच्या तोंडात पाणी घालायला मी पोचलो नाही, यांना तरी घालू दे. तेव्हापासून आई बोलत नाही माझ्याशी. भाकरी वाढते, बोलत नाही. भारतीवहिनी एकदा आली, गोणपाट उचलून बघितलं, परत नीट टाकलं, गेली.

हो, कडक झाल्यात, कधीच्याच. ठोकून बघा, खणखणतात. तरी मारतोच मी पाणी. आता त्यांना नकोय ते — शाळेत फार गेलो नाही, पण एवढं कळतं मला.

मग देत का नाही? अहो, तपासल्या कुठे? तपासल्याशिवाय दादा लादी देत नव्हता. रीत त्याचीच — खाली दोन विटा, त्यावर लादी, आणि मला खांद्यावर घेऊन तो वर उभा राहायचा. एवढा मोठा घोडा मी, मिशा फुटलेल्या, रस्त्यावरचे लोक हसायचे! मी शिव्या घालायचो, उतरव म्हणून. तो म्हणायचा, गप बस, बंगलेवाल्यांची वजनं माहीत आहेत का तुला? — माफ करा हं, तुम्हाला नव्हता म्हणत. दोघांनी नाही मोडली तर कुणाच्यानेच मोडणार नाही, म्हणायचा. आणि मोडली तर हसायचा — चल, परत माल कालव. आता मोडली तर? मी कालवीन, ओतीन, पण ती त्याच्या हातची नसणार ना मॅडम. एवढ्याच उरल्यात.

ड्रायव्हरला कशाला हाक मारताय? नको — मॅडम, त्यांना सांगा, नको — ओ, त्या विटा तिथेच राहू द्या. ठेवली लादी वर? बरं. ठेवली तर ठेवली. ड्रायव्हरसाहेब, वर चढू नका. आणि असे वाकू नका माझ्यासमोर. तुमच्या खांद्यावर नाही बसणार मी. चांगले आहात तुम्ही, मी कुठे काय म्हणतोय — पण नाही बसणार.

घेऊन जा. अशाच घेऊन जा, न तपासता. सगळ्या. मी देतो उचलून, तुम्ही बाजूला व्हा — पान वरच्या अंगाला, एकीवर एक घासू देऊ नका, मध्ये गोणपाट घाला. हेच घ्या, ओलं असलं तरी चालेल.

आणि मॅडम, उद्या एखादी मोडली तर मोडली. मला सांगायला येऊ नका.

जा आता.