ऐन वेळचा माणूस

वेंडेल : परत मोज.

लोर्ना : तीनदा मोजलंय, बाबा.

वेंडेल : मग चौथ्यांदा मोज. गणिताची मास्तरीण झालीस म्हणून काय तुझं चुकत नाही?

लोर्ना : चुकतं ना. म्हणून तर तीनदा मोजलं. तुम्ही इथे नऊ उन्हाळे बेसबॉल खेळलात. तीन हजार नऊशे चार वेळा बॅट घेऊन उभे राहिलात. शंभरात अठ्ठावीस वेळा हिट. आपल्या लीगमध्ये हे काही थोडंथोडकं नाही.

वेंडेल : ते मला ठाऊक आहे. मैदानावर माझ्या नावाची पाटी लागणार, तिच्यावर ते कोण लिहिणार? अडचणीच्या वेळचं सांग. सामना गळ्याशी आलेला असायचा तेव्हाचं.

लोर्ना : नवातल्या सातव्या इनिंगच्या पुढे आणि सामना बरोबरीत किंवा एका धावेच्या फरकावर अडलेला. अशा सहाशे बारा पाळ्या निघाल्या.

वेंडेल : हं. बोल.

लोर्ना : अठ्ठावीस.

वेंडेल : अगं, ते सगळं मिळून झालं. मी विचारतोय —

लोर्ना : तुम्ही विचारताय तेच सांगतेय. अडचणीच्या वेळीसुद्धा शंभरात अठ्ठावीसच.

लोर्ना : बाबा, कॉफी सांडतेय.

वेंडेल : सांडू दे. अठ्ठावीस? अडतीस असेल. स्कोअरच्या वहीतलं होगलंडचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. तीन आणि दोन सारखेच काढायचा तो.

लोर्ना : होगलंडआजोबांच्या वह्यांत सरासरी लिहिलेलीच नाही. प्रत्येक चेंडूचा हिशेब आहे, सरासरी मी काढली. तुम्हीच म्हणायचात ना, होगलंडइतका सच्चा स्कोअरर अख्ख्या आयोवात नाही?

वेंडेल : मग मला सांग, या गावानं मला आइसबॉक्स, थंड डोक्याचा, असं नाव कशाला ठेवलं? न्हावी केस कापताना अजून बेलमाँटविरुद्धच्या फायनलचं काढतो. त्याचा जन्म तरी झाला होता का तेव्हा! परवा अँब्रोज रस्त्यात हात धरून म्हणाला, वेंडेल, दोन आउट, दोघं बेसवर, आणि तू बॅट फिरवलीस तेव्हा आमच्या आईनं देवाला हात जोडले होते. हे सगळे खोटं बोलतात?

लोर्ना : कुणीच खोटं बोलत नाही. ती हिट वहीत आहे. मी त्या पानावर बोट ठेवून आले. पण त्याच्या आधल्या आठवड्यात याच बेलमाँटविरुद्ध, दोघं बेसवर असताना तुम्ही तीन चेंडूंत बाद झालात. तेही आहे.

वेंडेल : कधी?

लोर्ना : मंगळवारी. आपण एका धावेनं हरलो.

वेंडेल : मला नाही आठवत.

लोर्ना : कुणालाच आठवत नाही. न्हाव्यालाही नाही.

वेंडेल : हे बघ पोरी, माणूस आतून कळतो. तशा वेळी माझे हात गार पडायचे. प्रेक्षकांचा आवाज बंद व्हायचा. चेंडू एवढा दिसायचा, द्राक्षाचं कलिंगड व्हायचं! हे काय मी स्वप्नात पाहिलं?

लोर्ना : होत असेल तसं. तुमच्या आत काय व्हायचं ते वहीत नाही, आणि त्याबद्दल मी बोलणारी कोण? मी फक्त चेंडूचं काय झालं ते सांगतेय.

वेंडेल : आणि समोरून चेंडू टाकणारा पिचर? अडचणीच्या वेळी ते आपला सगळ्यात चांगला पिचर आणतात. त्याच्यासमोर अठ्ठावीस म्हणजे वेगळी गोष्ट झाली.

लोर्ना : हा प्रश्न बरोबर आहे. मलाही पडला. म्हणून तुमच्या संघातल्या बाकीच्या आठ जणांचंही काढलं. कुणी एकानं वर, कुणी दोनानं खाली. म्हणजे सगळे जिथल्या तिथेच. तुम्हीही त्यांच्यातलेच.

वेंडेल : सगळे सारखे? डफी आणि मी सारखे? डफी तर नवव्या इनिंगला चर्चमध्ये आल्यासारखा थरथरायचा!

लोर्ना : थरथरत हिट मारायचा. अजून एक सांगू? शाळेतल्या पोरांना मी तुमच्या सगळ्या पाळ्या चिठ्ठ्यांवर लिहायला लावल्या. लाह्यांच्या बादल्यांत भरल्या, आणि डोळे मिटून सहाशे बारा चिठ्ठ्या काढायच्या. पहिली इनिंग की नववी, काही बघायचं नाही. असं पाचदा केलं. सत्तावीस, एकतीस, अठ्ठावीस, सव्वीस, एकोणतीस.

वेंडेल : म्हणजे?

लोर्ना : म्हणजे एका खेपेला लाह्यांच्या बादलीनं एकतीस काढले. तुमच्यापेक्षा तीन जास्त. आणि बादलीला काही काळीज नसतं, बाबा.

वेंडेल : हसू नकोस.

लोर्ना : मी हसत नाहीये. तुमचा चेहरा बघून मला भीती वाटतेय. पाणी देऊ?

वेंडेल : नको. म्हणजे तू म्हणतेस, ऐन वेळचा माणूस असा कुणी नसतोच.

लोर्ना : असं मी म्हणत नाही. जगात कुठे असेलही, अगदी चिमूटभर असेल, इतकं कमी की एका माणसाच्या नऊ उन्हाळ्यांत ते दिसणार नाही. मोठमोठे लोक यावर अजून भांडतात. मी एवढंच म्हणते, की आपल्या वह्यांत तो सापडला नाही. कमिटीला पाटीसाठी आकडा हवा होता. मला वाटलं, एका दुपारचं काम. पस्तीस तरी निघेल, तुमच्या वाढदिवसाला फ्रेम करून देईन. मलाच धक्का बसला. दोन आठवडे सांगायचं टाळत होते.

वेंडेल : तुला आकडे कळतात, माणसं कळत नाहीत. मी अकरा वर्षं इथे संघाचा मॅनेजर होतो. पोरगा बॅट घेऊन चालत निघाला की पाठ बघून मी सांगायचो, हा उभा राहील, हा कच खाईल. एकदाही चुकलो नाही. तो ग्रेडी घे. ग्रेडी तुसाँ. वरच्या खोलीत दोन उन्हाळे राहिला, तुझ्या आईच्या हातचं मीटलोफ खाऊन. हात किती सुंदर, नजर किती पक्की! पण ऐन वेळी पोरगं वितळायचं. आम्ही ज्यांना खेळाडू पुरवायचो त्या वरच्या क्लबला मी लिहून कळवलं. मला आवडायचा तो, तरी लिहिलं. "सगळं आहे, मोक्याच्या वेळी काळीज नाही." एक ओळ. पुढच्या आठवड्यात त्याला सोडून दिलं.

लोर्ना : ती ओळ तुम्ही लिहिली होती?

वेंडेल : मॅनेजर मी होतो. दुसरं कोण लिहिणार?

लोर्ना : त्याला बस स्टँडवर मी सोडलं, बाबा. अठरा वर्षांची होते. त्यानं वाटेत एक शब्द काढला नाही. मला वाटलं, वरच्या लोकांनी काहीतरी ठरवलं असेल.

वेंडेल : त्यांनी माझ्या शब्दावर ठरवलं. आणि माझा शब्द खरा होता.

लोर्ना : मी त्याचंही मोजलंय.

वेंडेल : कशाला?

लोर्ना : वह्या समोर होत्या. त्याचं नाव दिसलं. एरवी शंभरात सव्वीस.

वेंडेल : लोर्ना.

लोर्ना : अडचणीच्या वेळी एकशे अठरा पाळ्या. शंभरात सत्तावीस.

वेंडेल : नाही.

लोर्ना : वही गाडीत आहे. आणते.

वेंडेल : नाही, नाही. मी पाहिलंय. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बेस भरलेले, आणि हा तिसरा चेंडू नुसता बघत उभा! मग वॉटरलू गावी. मग तो पावसातला सामना. मला तीन तर आत्ता दिसतायत.

लोर्ना : तिन्ही झाले. तिन्ही वहीत आहेत. बाकीच्या एकशे पंधरा वेळांचं काय, बाबा?

वेंडेल : तेवीस वर्षांचा होता. तेवीस वर्षांचा होता गं तो. मी एका ओळीत... आणि मला रात्री झोप लागली. छान झोप लागली. उलट तुझ्या आईला म्हणालो, मोठं अवघड काम होतं, पण मी कचरलो नाही.

लोर्ना : तुम्हाला खरं वाटत होतं ते.

वेंडेल : त्याचं त्याला काय! शनिवारी पाटी लावायचा समारंभ आहे, त्याच्या यादीत त्याचं नाव होतं ना? जुन्या खेळाडूंना बोलावलंय त्यात?

लोर्ना : होतं. लुइझियानात असतो, एअर कंडिशनर दुरुस्त करतो. येत नाही म्हणून कळवलं त्यानं. कारण दिलं नाही.

वेंडेल : नंबर लाव. स्पीकरवर टाक, मला कानाशी धरून ऐकू येत नाही. आणि कमिटीच्या बाईंना सांग, पाटीवर आकडा नको. आइसबॉक्स पण नको. 'नऊ उन्हाळे इथे खेळला.' बस.

लोर्ना : आधी काय बोलायचं ते ठरवा.

वेंडेल : ठरवलं तर माझ्यानं होणार नाही. लाव.

(फोन बराच वेळ वाजतो. मग पलीकडे पंख्याची घरघर आणि एक संथ आवाज.)

ग्रेडी : तुसाँ कूलिंग. आज कुणाकडे येणं जमणार नाही, आधीच सांगतो.

वेंडेल : ग्रेडी. मी वेंडेल स्ट्राउड. हार्लन फोर्कहून.

ग्रेडी : कोच? अरे बापरे! सगळं ठीक ना? तुमच्या मिसेस —

वेंडेल : आर्लीनला जाऊन सहा वर्षं झाली. त्यासाठी नाही केला फोन. ग्रेडी, तुला काढलं तेव्हा वरच्या लोकांना मी एक ओळ लिहिली होती.

ग्रेडी : "मोक्याच्या वेळी काळीज नाही."

वेंडेल : तुला... तुला कुणी सांगितलं?

ग्रेडी : कुणी नाही. कागद तुमच्या टेबलावर होता, कोच. मी बूट परत द्यायला आलो होतो.

वेंडेल : आणि काही बोलला नाहीस? सव्वीस वर्षं?

ग्रेडी : बोलण्यासारखं काय होतं? तुम्ही म्हणालात म्हणजे तसंच असणार. तुम्ही आइसबॉक्स होतात. तुम्हाला नाही कळणार तर कुणाला कळणार? मला राग नाही आला, खरंच सांगतो. मला वाटलं, बरं झालं, वेळेवर कळलं आपण कसले आहोत.

वेंडेल : ग्रेडी —

ग्रेडी : कामही आलं की ते. आमच्याकडे मोठा पूर आला त्या साली बोट माझी होती. लोक ओरडत होते, ग्रेडी, घे बोट. मी किल्ली मेव्हण्याच्या हातात दिली. म्हटलं, तू जा, ऐन वेळी माझा भरवसा नाही. त्यानं सगळ्यांना आणलं. कुणाला काही झालं नाही, देवाची कृपा. फक्त माझी पोरगी, ओडेट, छपरावर होती. तिला न्यायला कोण आलं ते तिनं पाहिलं. काठावर कोण उभं होतं तेही पाहिलं.

वेंडेल : अरे देवा.

ग्रेडी : आता मोठी झाली ती. बोलते माझ्याशी. पण कोच, तुम्ही हे सगळं आज का काढलंत?

वेंडेल : लोर्ना, तू सांग. माझ्यानं होत नाही.

लोर्ना : ग्रेडी, मी लोर्ना.

ग्रेडी : लोर्ना! निळा पिकअप. त्या दिवशी बसमध्ये बसेपर्यंत थांबली होतीस तू.

लोर्ना : मी होगलंडच्या वह्या मोजल्या. तुझ्या सगळ्या पाळ्या. एरवी तू शंभरात सव्वीस मारायचास. सामना अडलेला असायचा तेव्हा सत्तावीस.

ग्रेडी : कोणाच्या?

लोर्ना : तुझ्या.

ग्रेडी : सत्तावीस?

लोर्ना : सत्तावीस. खोटी आशा लावणार नाही, एकशे अठरा पाळ्यांवरून तू ऐन वेळचा माणूस होतास असं सिद्ध होत नाही. पण नव्हतास असंही होत नाही. काहीच सिद्ध होत नाही. तू एरवी जसा होतास, तसाच तेव्हाही होतास.

वेंडेल : ग्रेडी, मी चुकलो. मला तीन वेळा आठवत होत्या. मी तीन वेळांवर तुझा... ऐकतोयस ना तू? शिव्या दे मला. काहीतरी बोल.

ग्रेडी : पावसातला सामना धरून?

लोर्ना : पावसातला सामना धरून.

ग्रेडी : आणि बेस भरलेले होते तो?

लोर्ना : तोही.

ग्रेडी : मी तर... कोच, मी खुर्चीवर बसतो जरा. एक मिनिट.

वेंडेल : बस. बस, बाळा. आम्ही आहोत.

ग्रेडी : लोर्ना, फोन ठेवू नकोस हं. ओडेट मागच्या अंगणात कपडे वाळत घालतेय, तिला हाक मारतो. ती आली की एवढंच कर, माझे आकडे पहिल्यापासून एकदा वाचून दाखव. हळू वाच.