माझगावचं इंजिन

मोर्च्यांच्या गोष्टी निघाल्या की मी चहाच्या कपात बघत बसतो. का, ते आज सांगून टाकतो.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. लालबागच्या मोर्च्यापुढे भोंगा लावून आमची जुनी मोटार न्यायची ठरली, पण तिचं इंजिन मेलेलं. मला वाचता येत नाही, तरी इंजिन हाताने चाचपून ओळखतो अशी माझी ख्याती. माझगावच्या भंगारातलं एक जुनं इंजिन चाचपलं आणि म्हटलं, "मोटारीचंच आहे." बसवलं. हँडल उलटं फिरवलं तरच ते सुरू व्हायचं. तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी सगळ्यांसमोर पहिला गिअर टाकला, तर मोटार मागे, माणसांवरच जायला लागली.

माझ्या शेजारी बसून घोषणा देणारे विठूकाका भोंग्यातूनच म्हणाले, "बाबल्या, दिल्ली फुडे आसा. मागे खंय चललंस?"

इंजिन निघालं बोटीचं, उलटं फिरणारं. शेवटी मोटारच फिरवून उभी केली, पाठ पुढे, तोंड मोर्च्याकडे. तशी ती दादरपर्यंत छान चालली. मान वळवून रस्ता बघायचो तेवढाच माझा जीव सुटायचा. मान सरळ केली की समोर अख्खं लालबाग, घोषणा देता देता मला हसत.