पाटकऱ्याला माती पुरत नाही

ऐका. ओढ्यावरचा आपला मातीचा बंधारा आहे ना, त्याचं पाणी तेव्हा पाळीनं मिळायचं. आधी वरची शेतं, मग मधली, शेवटी खालची. पाळी सांभाळायला पाटकरी होता, सावळेराम. सरळ माणूस. कुणाची भीड धरायचा नाही.

आणि बांधाला लागून हैबतीचा ऊस. त्याला पाळीबाहेर पाणी पाहिजे होतं. एका रात्री त्यानं गुपचूप बांधाला चर मारला. पाण्यानं चराचं भगदाड केलं. सावळेराम धावत आला, माती लोटायला लागला, अन् मातीसकट वाहून गेला. घुशींनी बांध पोखरला असेल, असं सगळे म्हणाले. हैबतीनंही मान डोलावली. गावानं बांध पुन्हा घातला.

पुढच्या उन्हाळ्यात ऊस परत वाळायला लागला. जेवणं झाल्यावर हैबती फावडं घेऊन निघाला. काळोख असा, की बांध कुठला अन् पाणी कुठलं कळेना. पहिला घाव घातला. फावडं आत रुतलं. ओढलं, तर आतून कुणीतरी ओढलं! हातातून गेलंच ते.

मग बांधाच्या पोटातून आवाज आला. हळू.

"हैबती, भोक पडलंय. माती दे."

आवाज ओळखीचा. हैबती गुडघ्यावर बसला, दोन्ही हातांनी माती लोटायला लागला. लोटतोय, लोटतोय. भोक तेवढंच. "अजून दे." नखं निघाली, ऐका, तरी "अजून दे." पळायला उठला, तर पाय गुडघ्यापर्यंत आत. मग कमरेपर्यंत. मग छातीपर्यंत.

"आता बुजेल," आवाज म्हणाला.

तेव्हा हैबती ओरडला. मी खालच्या शेतात पाणी धरत होतो, दोर घेऊन धावलो. माझ्याआधी कोंडाबाई पोचली होती, सावळेरामची बायको. बांधाच्या राखणीला ती तिथंच खोपटात राहायची. हैबती रडत सांगत होता, की बांध मीच फोडला. मी दोर टाकायला गेलो. तिनं माझा हात धरला. कंदील त्याच्या तोंडापाशी नेला.

"त्या रात्री त्यानं तुला हाक मारली होती?"

"मारली. तीनदा."

"तू कुठं होतास?"

"इथंच. उसात."

माती त्याच्या हनुवटीला लागली. कोंडाबाई बघत राहिली. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. मग दोर तिनंच टाकला.

निघाला तो. जिवंत निघाला. पण कमरेखाली त्याला पुन्हा कधी कळ आली नाही, की मुंगी चावलेली समजली नाही.

म्हणून सांगतो, अंधारात त्या बांधावरून जाऊ नका. कितीही लांब पडलं तरी पुलावरून या. सावळेराम अजून माती मागतो, आणि कोंडाबाई आता नाही.